हाडांतील जुनाट विकार आणि प्रयोगशाळेंतील ससा

नडगीची जखम भरून येते, रोगी कामधंद्याला लागतो. आणि वर्ष-दोन वर्षांनीं त्याच जागीं पुन्हां गळूं येतें. तें फुटतें, पू वाहूं लागतो व एखादे वेळीं त्यांतून मेलेल्या हाडाची कपची बाहेर पडते. छिद्र मिटतें आणि पुन्हां उघडतें. अस्थिमज्जाशोथाचें हें जुनाट रूप होय. पेनिसिलिनच्या आधींच्या काळांत यापायीं पुष्कळांना पाय गमवावा लागे. पेनिसिलिन आल्यावरही कित्येकांचा विकार मुळासकट जाईना. तो कां जात नाहीं हें कळण्यासाठीं तो आधीं जनावरांत निर्माण करावा लागला, आणि त्या खटपटींत जवळजवळ नव्वद वर्षें गेलीं.

१८८० सालीं पॅरिस येथें लानलाँग या शस्त्रवैद्यानें एका बारा वर्षांच्या मुलीच्या हाडांतून काढलेला पू लुई पाश्चर यांनीं तपासला. साध्या गळवांत दिसणारे जंतूच त्यांत आढळले. हा रोग म्हणजे मज्जेंतील गळूंच होय, असें अनुमान त्यांनीं काढलें. परंतु पुवांत जंतू सांपडणें निराळें, आणि त्यांच्यामुळेंच रोग झाला हें सिद्ध करणें निराळें. १८८४ मध्यें रोदे या फ्रेंच संशोधकानें हे जंतू सशांच्या शिरेंत टोचले, तेव्हां सशांच्या हाडांत गळवें झालीं. पुढें दहा वर्षांनीं जर्मन शस्त्रवैद्य एरिख लेक्सर यांनीं कोवळ्या सशांवर असेच प्रयोग केले.

कारण सिद्ध झालें, तरी पेंच सुटला नाहीं. शिरेंतून दिलेले जंतू सर्व शरीरभर पसरत. मात्रा अधिक झाली कीं ससा थोड्याच दिवसांत मरे. कमी झाली कीं रोग जडेलच असा नेम नसे. जंतू सरळ हाडांत टोचावे, तर निरोगी हाड पुष्कळदां त्यांना पुरून उरे. मरणारा ससा उपयोगाचा नव्हता आणि बरा होणाराही नव्हता. माणसाप्रमाणें महिनोन् महिने दुखणें वागविणारा ससा हवा होता.

१९४१ सालीं अमेरिकेंत शेमन, जानोटा व लेविन यांनीं निराळी युक्ति योजली. कॉड माशाच्या तेलापासून होणारें सोडियम मॉर्हुएट हें औषध फुगलेल्या शिरा बुजविण्यासाठीं वापरीत. तें त्यांनीं सशाच्या नडगीच्या हाडांत जंतूंबरोबर टोचलें. औषधानें तेथील रक्तवाहिन्या बुजल्या, हाडाचा कांहीं भाग मेला, आणि जंतूंना घर मिळालें. १९७० मध्यें कार्ल नॉर्डन यांनीं हीच रीत नीट बसविली. त्यांच्या सशांत रोग महिनोन् महिने टिकला, आणि त्यावर औषधांची पारख करतां येऊं लागली. १९७५ मधील त्यांच्या प्रयोगांत, रिफाम्पिसिन एकटें देण्यापेक्षां दुसऱ्या औषधाच्या जोडीनें दिल्यास अधिक हाडें जंतुरहित झालेलीं दिसलीं.

तथापि माणसाच्या हाडांत कोणी असें औषध टोचीत नाहीं. माणसाला हा विकार पुष्कळदां हाड मोडल्यावर, किंवा तें सांधण्यासाठीं धातूची सळई घातल्यावर जडतो. म्हणून १९७३ सालीं अँड्रिओल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सशाच्या हाडांत पोलादी सळई बसवून जंतू सोडले. रक्तवाहिन्या बुजविणारें औषध न वापरतांही जुनाट रोग जडला.

या दोन प्रयोगांचा अर्थ एकच होता. केवळ जंतूंच्या जोरावर रोग जुनाट होत नाहीं. त्यांना आसरा लागतो. मेलेल्या हाडांत रक्त पोंचत नाहीं, आणि रक्त नाहीं तेथें औषधही पुरतें जात नाहीं. धातूच्या पृष्ठावर जंतू थर करून राहतात व औषधाला दाद देत नाहींत. मेलेली कपची काढल्याशिवाय छिद्र मिटत नाहीं, हें जुने शस्त्रवैद्य अनुभवानें जाणत होते. त्या अनुभवाची उपपत्ति सशांनीं दिली. मृत हाड काढावें, शक्य तेथें धातूही काढावा आणि मग औषध कित्येक आठवडे द्यावें, या उपचारामागें ही उपपत्ति उभी आहे.

सशाचें हाड माणसाचें नव्हे, आणि सशाला बरें करणारें औषध माणसाला बरें करीलच असें नाहीं. म्हणून असे प्रयोग अद्यापि चालू आहेत. ज्या मुक्या जीवांना हें दुखणें मुद्दाम दिलें गेलें, त्यांच्या यातनांचा हिशेबही या ज्ञानाबरोबर मांडला पाहिजे.