दूर राहून भाषा शिकणें

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें जगांतील बहुतेक शाळांचीं दारें बंद झालीं, हें आपणांपैकीं प्रत्येकाच्या स्मरणांत असेल. त्या दिवसांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. माझे चिरंजीव कुटुंबासह कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत राहतात. त्यांची कन्या तेव्हां बारा वर्षांची, सातव्या इयत्तेंत होती. तिच्या वर्गांत निम्मे विषय फ्रेंच भाषेंतून शिकवीत. एका सायंकाळीं संगणकाच्या पडद्यावर तिची गांठ पडली, तेव्हां मीं कौतुकानें म्हटलें, "बाळ, आजोबांना दोन वाक्यं फ्रेंचमध्यें बोलून दाखव बघूं." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, वाचलेलं सगळं समजतं हो. पण दीड महिना झाला, बोलायला तोंडच उघडलेलं नाहीं. घरांत फ्रेंच येतं कुणाला?"

चौतीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाच्या मनांतून असें वाक्य सहजासहजी जात नाहीं. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलों नाहीं आणि फ्रेंच तर मला मुळींच येत नाहीं. परंतु जी भाषा सहवासानेंच शिकावयाची, ती सहवास तुटला असतां शिकवितां येईल काय, हा प्रश्न कोणत्याहि शिक्षकाचा आहे. तो आजचा नव्हे. त्याला पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तोच आज मी आपल्यापुढें थोडक्यांत मांडणार आहें.

इ. स. १८४० सालीं इंग्लंडांत एक पेनीचें टपाल सुरू झालें. त्याच सुमारास आयझॅक पिटमन या गृहस्थानें आपली लघुलेखनपद्धति टपालानें शिकविण्यास आरंभ केला. शिष्यानें धडा लिहून पाठवावा, गुरूनें तो तपासून परत करावा, असा तो व्यवहार होता. आज आपणांस हें क्षुल्लक वाटेल. परंतु यांतील दुसरा अर्धा भाग, म्हणजे तपासून परत करणें, हाच साऱ्या दूरशिक्षणाचा प्राण आहे. पुस्तक दूरवर पूर्वींहि जात होतें. शिष्याची चूक गुरूपर्यंत येऊन दुरुस्त होऊन परत जाणें, ही नवी गोष्ट होती.

पुढें १८५६ सालीं बर्लिन शहरीं फ्रेंचचे एक शिक्षक, शार्ल तूसँ, आणि गुस्ताव लांगनशाइट या तरुण जर्मन गृहस्थानें मिळून फ्रेंच भाषा पत्रांनीं शिकविण्याचा उपक्रम केला. पाठ छापण्यास कोणी प्रकाशक पुढें येईना, म्हणून लांगनशाइटनें स्वतःचेंच प्रकाशनगृह काढलें. तें पुढें शब्दकोशांसाठीं विख्यात झालें. या पत्रांचा विशेष असा कीं, प्रत्येक फ्रेंच शब्दाखालीं त्याचा उच्चार ठराविक चिन्हांनीं दाखविलेला असे. ज्यानें फ्रेंच माणूस कधीं पाहिलाहि नाहीं, अशा दूरच्या खेड्यांतील विद्यार्थ्याच्या कानाचें काम डोळ्यांकडून करून घेण्याची ही युक्ति होती. कल्पना मोठ्या चातुर्याची खरी. तथापि उच्चाराचीं चिन्हें वाचून विद्यार्थी जें कांहीं उच्चारी, तें ऐकणारें कोणी नव्हतें. पुढें १९०१ सालीं लंडनमध्यें लिंग्वाफोन ही संस्था निघाली आणि तबकड्यांवरून परभाषेचा खरा आवाज घरोघर ऐकूं येऊं लागला. कानाची सोय झाली. जिभेची मात्र तशीच राहिली. तबकडी बोलते, पण ऐकत नाहीं.

आतां ज्या ओंटारिओ प्रांताचा मीं आरंभीं उल्लेख केला, तेथेंच वळूं. त्याच्या उत्तर भागांत शेंकडों मैल अरण्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें रेल्वेच्या रुळांची निगा राखणारे कामगार, लांकूडतोडे आणि फांसेपारधी यांचीं कुटुंबें विखुरलेलीं होतीं. चार घरांसाठीं शाळा कोण बांधणार? तेव्हां १९२६ सालीं सरकारनें शाळाच आगगाडीवर चढविली. एका डब्याच्या अर्ध्या भागांत बांकें, फळा व ग्रंथसंग्रह. उरलेल्या अर्ध्यांत शिक्षकाचा संसार. मालगाडीनें हा डबा ओढून आणावा आणि आडमार्गावरील एखाद्या फांट्यावर सोडून द्यावा. तेथें कांहीं दिवस शाळा भरे. मुलें कोणी होडींतून, कोणी बर्फावरून चालत येत. मग महिनाभराचा अभ्यास नेमून देऊन डबा पुढच्या मुक्कामास निघे, आणि परत आल्यावर प्रथम तो अभ्यास तपासला जाई. फ्रेड स्लोमन नांवाच्या शिक्षकानें तर आपली पत्नी व पांच मुलें यांसह जवळजवळ सारें आयुष्य अशा डब्यांत काढलें. अशा एकंदर सात गाड्या झाल्या आणि १९६७ पर्यंत त्या चालल्या.

या गाड्यांची गोष्ट आजच्या विषयाला लागू आहे ती अशी. त्या अरण्यांतील पुष्कळ कुटुंबें फिनलंड, इटली इत्यादि देशांतून आलेलीं. कित्येक फ्रेंच बोलणारीं, कित्येक तेथील मूळ रहिवासी. त्यांच्या घरांत इंग्रजीचा गंध नसे. मूल आठवडाभर गाडींत इंग्रजी ऐके आणि महिनाभर घरीं दुसरीच भाषा बोले. तरीहि तीं मुलें इंग्रजी शिकलीं. याचें एक कारण असें कीं, संध्याकाळीं त्याच डब्यांत त्यांचे आईबापहि येऊन बसत. दिवसा मुलांची शाळा, तर रात्रीं मोठ्यांची. मूल घरीं गेल्यावर निदान चार शब्द ऐकून घेणारें माणूस तेथें तयार होत असे.

फ्रान्स देशानें हाच धडा युद्धाच्या तडाख्यांत गिरविला. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें, सरहद्दीवरील वस्ती हलवावी लागली, शिक्षक सैन्यांत गेले आणि मुलें वाट फुटेल तिकडे पांगलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील सरकारनें पत्रद्वारा शिक्षण देणारें खातें उघडलें. संकटकाळापुरती काढलेली ही सोय युद्ध संपल्यावरहि मोडली नाहीं. तिचीच आज एक मोठी राष्ट्रीय संस्था झालेली असून २०२० च्या मार्चमध्यें फ्रान्समधील शाळा बंद होतांच तिनें घरबसल्या वर्ग चालविण्याची व्यवस्था पुढें केली. आपत्तीच्या दिवसांत लावलेलें झाड ऐंशी वर्षांनीं दुसऱ्या आपत्तींत सावली देऊन गेलें.

परंतु माझ्या नातीच्या वर्गाची पद्धति या सर्वांहून निराळी आहे. तिला 'इमर्शन', म्हणजे निमज्जन, असें म्हणतात. पोहावयास शिकवितांना कांठावर व्याख्यान न देतां मुलाला पाण्यांतच उतरवावें, तशी ही रीत. तिचा उगम माँट्रियलजवळील सेंट लँबर्ट या गांवीं झाला. क्वेबेक प्रांतांत बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. त्यांच्या शेजारीं राहणाऱ्या इंग्रजीभाषी मुलांनीं शाळेंत वर्षानुवर्षें फ्रेंचचा अभ्यास करावा आणि शेजाऱ्याशीं मात्र चार वाक्यें बोलतां येऊं नयेत, ही स्थिति कांहीं पालकांना लाजिरवाणी वाटली. १९६३ सालीं त्यांनीं मंडळ स्थापलें. शाळा-मंडळानें प्रथम दाद दिली नाहीं. अखेर १९६५ च्या सप्टेंबरांत २६ बालकांचा एक वर्ग प्रयोगादाखल सुरू झाला. शिक्षिका आरंभापासून फ्रेंचच बोले. मुलांना सुरुवातीस आपसांत इंग्रजी बोलण्याची मोकळीक असे. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर या संशोधकांनीं त्या मुलांची वर्षानुवर्षें पाहणी केली आणि १९७२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. गांवाच्या व संशोधकाच्या नांवांतील साम्य हा केवळ योगायोग. मुलांचें इंग्रजी बुडालें नाहीं, गणितहि मागें पडलें नाहीं, आणि फ्रेंच मात्र इतर शाळांतील मुलांच्या कितीतरी पुढें गेलें, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९६९ सालीं इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषा ठरविणारा कायदा कॅनडांत झाला, आणि ही पद्धति देशभर पसरली. आज चार लाखांहून अधिक मुलें तींत शिकतात. त्यांत टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील मुलेंहि आहेत. ओंटारिओचा नियम असा कीं, अशा मुलास आठवी संपेपर्यंत किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिक्षण मिळालें पाहिजे.

या पद्धतीचा गुण सांगितला, आतां तिचें वैगुण्यहि सांगितलें पाहिजे. टोरोंटो येथील विदुषी मेरिल स्वेन यांनीं सहाव्या इयत्तेंतील अशाच मुलांचा अभ्यास करून १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, इतकीं वर्षें फ्रेंच ऐकूनहि त्यांचें ऐकणें व वाचणें उत्तम, पण बोलणें व लिहिणें त्या मानानें लंगडें राहतें. त्यांच्या मतें नुसतें ऐकणें पुरत नाहीं. आपलें म्हणणें दुसऱ्यास समजावें म्हणून मुलाला शब्दांशीं झटावें लागतें, तेव्हांच भाषा पक्की होते. म्हणजे निमज्जनाच्या वर्गांत जी बाजू मुळांतच दुबळी, नेमकी तीच शाळा बंद झाल्यावर प्रथम खचणार!

तसेंच झालें. ओंटारिओंतील शाळा त्या मार्चमध्यें बंद झाल्या त्या सप्टेंबरपर्यंत उघडल्या नाहींत. सातवी-आठवीच्या मुलांस आठवड्याला दहा तासांचा घरचा अभ्यास ठरला, आणि तो सर्व विषय मिळून. शाळेंत ती मुलें आठवड्यास पंचवीस तास बसत. शिवाय येथें एक विलक्षण पेंच होता. इतर मुलांचे आईबाप पाठ समजावून देऊं शकत. या मुलांचे आईबाप बहुतांशीं फ्रेंच जाणत नाहींत. ज्या कारणासाठीं मूल त्या वर्गांत घातलें, त्याच कारणानें घर निरुपयोगी झालें.

पहिले कांहीं आठवडे नातीला रिकाम्या जागा भरण्याचे कागद येत. प्रांताच्या फ्रेंच दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमहि ती पाही. हें सर्व तूसँच्या पत्रांसारखें आणि लिंग्वाफोनच्या तबकड्यांसारखेंच होतें. ज्ञान येत होतें, पण परत कांहीं जात नव्हतें. मग तिच्या बाईंनीं रीत बदलली. प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून दिला आणि रोज दहा मिनिटें टेलिफोनवर फ्रेंचमध्यें बोलण्याचा नेम घातला. सकाळीं खिडकींतून पाहून हवामानाचें वर्णन करावयाचें. घरांतील वीस वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवावयाच्या. एखादा पदार्थ करून त्याची कृति सांगून आपला आवाज टिपून पाठवावयाचा. आमच्या नातीनें पोहे केले. बाई तो आवाज ऐकत आणि चूक सुधारून उलट आवाजानेंच उत्तर देत. पिटमनच्या टपालाला जणूं वाचा फुटली!

शेवटचा पाठ असा होता कीं, घरांतील वडील माणसाची मुलाखत त्याच्या भाषेंत घ्यावी आणि वर्गाला ती फ्रेंचमध्यें सांगावी. तिनें माझी मुलाखत घेतली. "आजोबा, तुम्ही लहानपणीं कशावर लिहीत होतां?" मीं म्हटलें, "पाटीवर." पाटीला फ्रेंच शब्द काय, हें तिला ठाऊक नव्हतें. ती शोधूं लागली आणि दुसऱ्या दिवशीं मोठ्या आनंदानें सांगत आली, "आजोबा, 'आर्दुआज'! आणि फ्रान्समधलीं मुलं शाळेंत अजून पाटी वापरतात. फक्त ती आतां पांढरी असते." तो शब्द ती या जन्मीं विसरणार नाहीं, कारण तो तिला कोणी दिला नाहीं, तिला तो हवा होता.

श्रोतेहो, हें ऐकून मला आनंद झाला आणि मनांतून थोडी शरमहि वाटली. चौतीस वर्षें मीं इंग्रजी शिकविलें. शब्दार्थ लिहून दिले, भाषांतरें घोटून घेतलीं, निकालहि चांगले लागले. मुलें माझ्यापासून चार हातांवर बसलेलीं असत, आणि तरीहि त्यांतील पुष्कळांना इंग्रजींत आपलें एकहि म्हणणें मांडतां आलें नाहीं. कारण तें मांड म्हणून मीं त्यांना कधीं सांगितलेंच नव्हतें. पांच हजार कोसांवरील त्या बाईंनीं जें अंतर तोडलें, तें मी एका खोलींत असूनहि राखून बसलों होतों.

म्हणून इतिहासाच्या या फेरफटक्यांतून आपणांसारख्या पालकांना एकच व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या घरांतील मूल एखादी परभाषा शिकत असेल आणि ती आपणांस येत नसेल, तरी हात झटकूं नयेत. रोज जेवणानंतर त्याला म्हणावें, "आज काय शिकलास तें त्या भाषेंत सांग, आणि मग मला मराठींत समजावून दे." चूक काढणें हें शिक्षकाचें काम, ऐकणें हें आपलें. त्या रेल्वेच्या डब्यांत संध्याकाळीं येऊन बसणाऱ्या आईबापांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.

मी आतां थांबतों. इतका वेळ मी एकटाच बोललों आणि आपण ऐकलेंत. नभोवाणीचा तो धर्मच आहे. परंतु यंत्र बंद केल्यावर आपल्या घरीं कोणी मूल असेल, तर आतां त्याला बोलूं द्यावें.