परसातली निळी ज्योत

शेणामैल्यापासून जळणारा वायू निघतो, ही गोष्ट या देशात अलीकडची नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली असा वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला होता. तथापि हा वायू सामान्य गृहस्थाच्या चुलीपर्यंत येण्यास त्यानंतर अर्धशतक लागले. दिल्लीच्या कृषिसंशोधनसंस्थेत देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणावर प्रयोग केले, आणि १९५१ साली जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे घरगुती संयंत्र सिद्ध केले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाच नमुना खेडोपाडी नेला.

त्याची रचना साधी आहे. जमिनीत विहिरीसारखी एक खोल टाकी बांधावयाची, तीत शेण व पाणी समप्रमाणात कालवून रोज ओतावयाचे आणि तिच्या तोंडावर लोखंडी टोप पालथा घालावयाचा. आत हवा शिरत नाही. त्यामुळे शेण कुजताना मिथेन निर्माण होतो. वायू साठला की टोप वर उचलला जातो, वायू खर्च झाला की खाली बसतो. घरातल्या बाईला शिल्लक किती हे परसात डोकावताच कळते. एका किलो शेणातून साधारण चाळीस लिटर वायू मिळतो. म्हणजे लहान कुटुंबाच्या स्वयंपाकास पुरेल एवढ्या, दोन घनमीटरच्या संयंत्रासाठी रोज पन्नास किलो शेण हवे, आणि तेवढ्यासाठी गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्या दारी एकच बैल, त्याच्यासाठी हा शोध नव्हताच. ही गोष्ट त्याच्या प्रशंसकांनी क्वचितच मोकळेपणाने सांगितली. शिवाय लोखंडी टोप महाग, आणि पावसाळी मुलखात तो लवकर गंजे.

गोठा रिकामा असेल तर काय, या प्रश्नाला कोकणात एक धीट उत्तर मिळाले. आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला. भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ज्यांनी उपवास केला, त्यांना मैल्याची किळस कशी असणार? मैल्याचे सोनखत व्हावे, वायू व्हावा, आणि डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा त्याच वाटेने संपावी, हा त्यांचा ध्यास होता.

त्यांच्या या ध्यासाचे पुढचे पान देहूत लिहिले गेले. डॉ. मापुसकर हे तरुण वैद्यकीय अधिकारी १९६० च्या सुमारास तुकोबांच्या या गावी आले. गावात संडास जवळजवळ नव्हतेच, आणि पोटाच्या विकारांचे रुग्ण मात्र रोज दारी येत. डॉक्टरांनी लोकांची मनधरणी करून ठरीव नमुन्याचे काही संडास बांधविले. ते पहिल्याच पावसात खचले. गावाने विश्वासाने टाकलेले पाऊल मागे घेतले. बदली मागून निघून जाणे डॉक्टरांस सोपे होते. ते गेले नाहीत. त्यांनी आप्पासाहेबांकडे जाऊन हे शास्त्र समजून घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून घरोघर समजूत घालण्यास आरंभ केला. पुढे आप्पासाहेबांच्या मूळ रचनेत सुधारणा करून त्यांनी संडासाला जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र प्रचारात आणले. खरी अडचण यंत्राची नव्हती. संडासातल्या वायूवर शिजलेले अन्न देवाला नैवेद्य म्हणून दाखवावे काय, हा प्रश्न श्रद्धाळू घरात हसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. शिवाय एका माणसाच्या मैल्यातून दिवसाकाठी जेमतेम एक घनफूट वायू मिळतो, तेव्हा शेणाची जोड बहुधा लागतेच. पण शेजाऱ्याच्या चुलीवर ती ज्योत निर्धूर जळताना दिसे, तिला वास येत नसे, आणि मग हळूहळू शंका मावळत. हे काम डॉक्टरांनी २०१५ साली निधन होईपर्यंत सोडले नाही. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मध्यंतरी १९८१ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय योजना आखून अनुदान सुरू केले आणि १९८४ साली ‘दीनबंधु’ नमुना आला. यात लोखंड नाही. विटांचा घुमट जमिनीत पुरलेला असतो. खर्च उतरला, पण सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर आली, कारण घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी वायू निसटतो. अनुदानाच्या आशेने घाईत बांधलेली कितीतरी संयंत्रे दोन-तीन वर्षांत शेणाने भरलेले निरुपयोगी खड्डे होऊन राहिली.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी तालुक्यात मात्र बांधलेली बहुतेक सर्व संयंत्रे चालू राहिली. तेथील शेतकऱ्यास सुपारीच्या बागेसाठी खत हवे असे, आणि संयंत्रातून बाहेर पडणारा रबडा हे उत्तम खत होते. परंतु त्याहून मोठे कारण असे की बांधणारा गवंडी आणि ठेकेदार त्याच भागातले होते. काम बिघडले तर दुरुस्तीची हमी त्यांनी दिलेली असे, आणि वायू येईना झाला की घरधनी थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राही.