डीएनए चाचणीत 'फर्स्ट कझिन' सापडला, पण तो चुलत, मामे, मावस की आते?

लाळेचा नमुना एका नळीत भरून पाठवला की काही आठवड्यांनी अ‍ॅपवर अनोळखी नावांची यादी येते. कुणी टोरांटोत, कुणी लंडनमध्ये, कुणी पुण्यात. नावापुढे लिहिलेलं असतं 'फर्स्ट कझिन' किंवा 'थर्ड कझिन'. इंग्रजीत तेवढ्यावर भागतं. मराठी माणसाचा पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : "कोणाकडून?"

नेमकं हेच चाचणी थेट सांगत नाही. मग ते शोधायचं कसं?

यादी तयार कशी होते?

आपला निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. त्यांचा त्यांच्या आई-वडिलांकडून. त्यामुळे एकाच आजी-आजोबांच्या नातवंडांमध्ये डीएनएचे काही तुकडे अगदी सारखे असतात. कंपनी तुमच्या डीएनएवरच्या काही लाख जागा तपासते आणि आपल्याकडच्या बाकीच्या ग्राहकांशी ताडून बघते. सारख्या निघालेल्या तुकड्यांची एकूण लांबी 'सेंटिमॉर्गन' या एककात मोजतात.

साधारण आकडे असे :

- आई किंवा वडील आणि मूल : सुमारे ३,४०० ते ३,५००
- सख्खी भावंडं : सरासरी सुमारे २,६००
- आजी-आजोबा एकच (फर्स्ट कझिन) : सरासरी ८५०च्या आसपास
- पणजी-पणजोबा एकच (सेकंड कझिन) : सरासरी सुमारे २३०
- खापरपणजी-खापरपणजोबा एकच (थर्ड कझिन) : सरासरी सुमारे ७०

या सरासरी आहेत. फर्स्ट कझिनचा आकडा ४०० असू शकतो आणि १,४००पर्यंतही जाऊ शकतो. थर्ड कझिनच्या साधारण दहापैकी एका जोडीत तर एकही तुकडा जुळत नाही. म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ नातं नाही, असा होत नाही.

एक आकडा, अनेक नाती

८५० सेंटिमॉर्गन जुळले तर समोरची व्यक्ती फर्स्ट कझिन असेल. पण ती तुमच्या आजोबांची बहीण असू शकते, किंवा वडिलांचा सावत्र भाऊही. अशा वेळी वय उपयोगी पडतं. पंचविशीतला माणूस आजोबांचा भाऊ असण्याची शक्यता कमीच.

मग बाजू कशी ओळखायची?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घरातल्या ज्येष्ठांची चाचणी. जुळणारी व्यक्ती तुमच्या वडिलांशीही जुळली तर नातं वडिलांकडचं. आई-वडील नसतील तर काका, आत्या, मामा किंवा मावशी चालतात.

दुसरा उपाय 'सामायिक जुळण्यां'चा. तुमच्याशी जुळणाऱ्यांपैकी कोण कोण एकमेकांशीही जुळतात, हे बहुतेक कंपन्या दाखवतात. त्यांचे गट पाडले की बऱ्याचदा चार गट दिसू लागतात, चार आजी-आजोबांचा एकेक. एका गटातल्या एका माणसाचं नातं कळलं की बाकीच्यांची दिशा मिळते.

तिसरा उपाय गुणसूत्रांचा. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं, म्हणून दोन चुलत भावांचं वाय एकच असतं. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलांकडे येतो, म्हणून मावस भावंडांचा तो एकच असतो. मामेभाऊ आणि आतेभाऊ यांच्यात सहसा यातलं काहीच समान नसतं. पुरुषाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. त्यामुळे दोन पुरुषांमध्ये एक्सचा मोठा तुकडा जुळला, तर नातं दोघांच्याही आईच्या बाजूने आहे.

आपल्याकडे गणित का चुकतं?

पिढ्यानपिढ्या एकाच जातीत, एकाच पट्ट्यातल्या गावांमध्ये सोयरीक झाली की दोन माणसं एका नव्हे, पाच-सहा वाटांनी नात्यात असतात. प्रत्येक वाटेने थोडाथोडा डीएनए येतो आणि बेरीज फुगते. महाराष्ट्रात अनेक समाजांमध्ये मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा घराण्यांत दूरचे नातेवाईकही यादीत जवळचे दिसतात. त्यामुळे नुसती बेरीज पाहू नका, सर्वांत लांब तुकडा किती मोठा आहे तेही पाहा. अनेक लहान तुकडे बहुधा जुन्या, गुंतलेल्या नात्याची खूण असतात. एखाद-दोन लांब तुकडे अलीकडच्या नात्याकडे बोट दाखवतात.

दुसरी अडचण यादीचीच आहे. या कंपन्यांचे बहुतेक ग्राहक अमेरिका आणि युरोपातले आहेत. भारतातून चाचणी करणाऱ्याला जवळचं कुणी न सापडणं अगदी शक्य आहे.

कागद आणि आठवण

डीएनए आकडा देतो, नाव देत नाही. नावासाठी कागद लागतात : कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जमिनीचे जुने फेरफार आणि वारसनोंदी, शाळेचे दाखले, गोव्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी.

पण यातल्या बऱ्याच नोंदी पुरुषांच्या नावाने चालतात. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, अनेक घरांत नावही बदललं जायचं. वंशावळीत तिची ओळख 'अमक्याची पत्नी' एवढीच उरते. डीएनएमध्ये मात्र तिचा वाटा निम्मा आहे. यादीतली निम्मी नाती अशा हरवलेल्या माहेरांतून येतात, आणि ती माहेरं बऱ्याचदा फक्त घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आठवतात.

चाचणीआधी हे लक्षात घ्या

लहानपणी भारतातून परदेशात दत्तक गेलेल्या अनेकांसाठी ही यादी हाच रक्ताच्या नात्याचा पहिला धागा असतो. पण ज्या बाईने कधीकाळी नाइलाजाने मूल दिलं, तिच्या आजच्या घराला ते ठाऊक नसेल. म्हणून पहिला मेसेज साधा, खासगी असावा. फेसबुकवर जाहीर पोस्ट नको.

धक्का आपल्याच घरातही बसू शकतो. सख्खा समजलेला भाऊ आकड्यांत अर्धाच निघतो, आणि एकदा कळलेलं परत झाकता येत नाही.

शिवाय चाचणी एकाची असली तरी माहिती सगळ्या कुटुंबाची असते. कॅलिफोर्नियात 'गोल्डन स्टेट किलर' २०१८मध्ये पकडला गेला तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएमुळे. त्याने स्वतः कुठेच नमुना दिला नव्हता. २०२३मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. त्यांनी प्रत्यक्षात फोडली होती सुमारे १४ हजार खाती. बाकीची माहिती मिळाली ती नातेवाईक शोधण्याच्या सुविधेतूनच. मार्च २०२५मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तेव्हा नळी मागवण्याआधी घरच्यांशी बोला. आणि एक काम आजच करा. आजीला तिचं माहेरचं नाव, गाव, तिच्या आईचं माहेर विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. चाचणी पुढच्या वर्षीही करता येईल. आजीची आठवण तेवढी थांबेलच असं नाही.