वेल्डिंगची ठिणगी आणि बांधकामावरील आग

नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवनसारख्या दाट वस्तीत एकमेकांना खेटून घरे उभी आहेत. त्यामुळे एका भूखंडावर बांधकाम निघाले, की त्याचा धोका शेजारच्या घरांपर्यंत पोहोचतो. जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीवरील टिनाचे शेड ही कामे बहुधा जागेवरच वेल्डिंग करून केली जातात. वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यांची आणि हातांची काळजी थोडीफार घेतली जाते. त्याच्या ठिणग्या कोठे पडतात, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

आग कशी लागते?

विद्युत वेल्डिंगमधील ज्योतीचे तापमान हजारो अंश सेल्सिअस असते. ऑक्सिजन व ॲसिटिलीन वायूंची ज्योतही सुमारे ३,१०० अंशांपर्यंत जाते. उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे वितळलेल्या धातूचे कण होत. ते साधारण ११ मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि उंचावरून पडल्यास याहूनही दूर पसरतात. जमिनीवर आपटून ते फरशीच्या फटीत, नळांच्या मार्गात वा भिंतीच्या भोकात शिरतात. तेथे थर्माकोल, फोम, लाकडाचा भुसा किंवा रिकामी पोती असल्यास ती लगेच भडकत नाहीत. आतल्या आत धुमसत राहतात. वेल्डर यंत्र बंद करून निघून गेल्यानंतर ज्वाळा दिसू लागतात. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी बांधकामावरील बांबू व ताडपत्रीच नव्हे, तर शेजारच्या कूलरच्या वाळलेल्या ताट्याही पेट घेऊ शकतात.

दोन दुर्घटना

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी प्रवासी इमारतीच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते. त्याचे तप्त कण खालच्या छताच्या पोकळीतील पॉलिस्टायरीनच्या थरावर पडले. त्या आगीत १७ जणांचा बळी गेला. पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीला २१ जानेवारी २०२१ रोजी आग लागून ५ कामगार मृत्युमुखी पडले. वेल्डिंगच्या कामामुळे ही आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी व्यक्त केला होता.

कायद्याची मर्यादा

वेल्डिंग व कटिंगच्या वेळी आगीपासून घ्यावयाच्या दक्षतेसाठी 'आयएस ३०१६' हे भारतीय मानक आहे. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्याची जागा घेणारी सुरक्षाविषयक श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन २५० किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामांवर आहे. वस्तीतील तीन-चार मजली इमारतीवर मोजकेच मजूर असतात. तेथे असा अधिकारी नसतो. साहजिकच जबाबदारी घरमालक, ठेकेदार आणि मुकादम यांच्यावर येते.

घ्यावयाची दक्षता

पहिला नियम म्हणजे ज्वलनशील वस्तू ठिणग्यांच्या टप्प्यातून हलवाव्यात. हलवता येत नसतील, तर त्या अग्निरोधक कापडाने वा पत्र्याने झाकाव्यात आणि फटी व भोके बुजवावीत. रंग, थिनर किंवा वॉटरप्रूफिंगचे काम त्याच मजल्यावर, त्याच वेळी करू नये. वायूचे सिलिंडर उभे बांधून ठेवावेत. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल अथवा ग्रीस लावू नये. रबरी नळ्यांवर ज्योत मागे शिरू न देणारी झडप बसवावी.

कामगाराने जाड सुती कपडे, चामडी हातमोजे, बूट आणि काळ्या काचेचा मुखवटा वापरावा. कृत्रिम धाग्यांचे कापड वितळून त्वचेला चिकटते. वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. विद्युत प्रवाह तोडल्याशिवाय यंत्रावर पाणी टाकू नये. भाजल्यास जखमेवर किमान २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. तेल वा टूथपेस्ट लावू नये. अग्निशमन दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक बांधकामावर ठळक लिहिलेले असावेत.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त दक्षता म्हणजे पहारा. काम चालू असताना आणि ते संपल्यावर किमान एक तास एका माणसाने त्या जागेवर, तसेच खालच्या मजल्यावरही लक्ष ठेवले पाहिजे. ठेका ठरवतानाच त्या माणसाची मजुरी हिशेबात धरली, तर हा नियम कागदावर राहणार नाही.