परवचा आणि परीक्षा

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याशी गेले म्हणजे कोंडाण्याची लेणी लागतात. तिथे एका भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच तिचा मतलब. अंतेवासी म्हणजे गुरूपाशी राहून शिकणारा. कण्ह भिक्षू होता की शिल्पी, हे ती ओळ सांगत नाही. पण आमच्या तालुक्यातला नावानिशी ठाऊक असलेला पहिला विद्यार्थी मी या बलकालाच मानतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा विद्यार्थी शिकलेले लक्षात ठेवीत तरी कसा असेल?

उत्तराचा एक धागा घाटावर कार्ल्याला सापडतो. तिथल्या चैत्यातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताने दिलेला आहे आणि त्याच्या नावामागे ‘भाणक’ ही पदवी आहे. बुद्धवचने मुखोद्गत करून संघापुढे म्हणणारा तो भाणक. एकट्याने पुटपुटून भागत नसे. चारचौघांत म्हणावे लागे, आणि चुकले तर ऐकणारे थांबवीत.

वेदपाठशाळांनी याच्याही पुढची युक्ती काढली. नुसती संहिता म्हणताना चाल जिभेला ओढून नेते आणि मन भलतीकडेच हिंडते. म्हणून क्रमपाठात पहिला शब्द दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी असे जोडीत जायचे. जटेत तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी वीण. दोन शब्दांमधला सांधा ठाऊक नसेल तर जीभ तिथेच अडते! या वेदपठणाच्या परंपरेला २००३ साली युनेस्कोने जगाच्या वारशात मान दिला. मात्र ही विद्या कितीकांना बंद होती, हे विसरून तिचे गोडवे गाणे मला जमत नाही. पंतोजींच्या ओसरीवरही सर्वांना जागा नव्हती. १८४८ साली पुण्यात जोतीरावांना मुलींसाठी निराळी शाळा काढावी लागली, ती उगाच नव्हे.

तरीही त्या ओसरीवर एक गोष्ट होती. दिवेलागणीला मुले ओळीने बसून परवचा म्हणत. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतीनपटीची औटकी. थोरला मुलगा सांगे, धाकटे मागून म्हणत. मग धाकट्याला एकट्याने म्हणावे लागे. शेर-पायलीच्या नि रुपये-आणे-पैच्या व्यवहारात त्यावाचून पान हलत नसे. १९५७ साली नवे पैसे आले, पुढच्या वर्षापासून किलोग्रॅम आला आणि औटकी अडगळीत गेली. ती गेल्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते तिच्याबरोबर रोजची ती दिवेलागणही गेली याचे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. रानडे नि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. हळूहळू जे रोज म्हणून दाखवायचे ते वर्षातून एकदा लिहून दाखवायचे झाले. मग ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आले, आणि आदल्या रात्री दिवा जाळणे आले. घोकंपट्टी म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो ती पंतोजींपेक्षा या एका रात्रीची देणगी, असे माझे मत आहे.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून १८८५ साली आपले निष्कर्ष छापले. तासाभरात निम्म्याहून अधिक विसरले जाते. एका बैठकीत अडुसष्ट वेळा घोकून जे साधते, ते तीन दिवसांत वाटून अडतीस वेळांत साधते, असे त्याला आढळले. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहावे तो वाचणाऱ्यांना शेकडा चाळीस आठवले आणि आठवणाऱ्यांना एकसष्ट! परवचा म्हणजे दुसरे काय होते?

हे मला फार उशिरा कळले. मास्तर झालो तेव्हा मी पाठांतराचा वैरी होतो. “समजून वाच, पुन्हा वाच,” हा माझा मंत्र. कशेळ्याजवळच्या एका ठाकरवाडीतला मुलगा धडा सात वेळा वाचून आला आणि कोऱ्या पाटीसारखा उभा राहिला. मी त्याला मंद ठरवले. त्याच आठवड्यात एका लग्नात त्याला रात्रभर गाणी म्हणताना ऐकले. एकही ओळ चुकली नाही. ती गाणी त्याने कुठे वाचली होती? ऐकली होती नि लोकांसमोर म्हटली होती. त्या रात्री मी वाडीवरून परतलो तो खाली मान घालूनच.

तेव्हापासून वर्गात शेवटची दहा मिनिटे पुस्तके मिटतात. आजचे आज, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, तोच धडा मुले एकमेकांना सांगतात. घरी जे कोणी असेल त्याला सांगायचे, अक्षरओळख असो वा नसो.

परवा तोच मुलगा सकाळी दारात येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी मी सिद्धगडची हकिगत सांगितली होती.

“गुर्जी, आजी म्हनते मी एक मानूस सोडला.”

“कोण रे?”

“दोन जानेवारी १९४३, भाई कोतवाल पडले, एवढंच सांगितलं मी. ती म्हनली, आन् हिराजी पाटील?”