सफदची लाल मशीद आणि पन्हाळ्याचा अंबरखाना

इस्रायलमधल्या सफद शहरातली लाल मशीद मामलूक सुलतान बैबर्स यांच्या काळात, 1276 मध्ये बांधली गेली. 1948 नंतर तिथं आधी शाळा भरली, मग एका पक्षाचं निवडणूक कार्यालय आलं, पुढे कपड्यांचं गोदाम झालं. 2019 मध्ये बातमी आली की आता तिथं बार आणि लग्नाचा हॉल आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या महाराष्ट्रातही वाद पेटला. राज्यातले 25 किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाड्यानं देणार, अशी ती बातमी होती. विरोध झाल्यावर शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारनं केला.

म्हणजे पन्हाळा त्यातून सुटला. पण हा गड ओस पडलेला नाही, वर वस्ती आहे, हॉटेलं आहेत, सुट्टीला गर्दी असते. त्यामुळे जुन्या वास्तूत काय चालावं, हा प्रश्न इथं रोजचाच.

वापर बदलूच नये असं आम्ही म्हणत नाही. ताराराणींच्या वाड्यात पुढे शाळा आणि कचेऱ्या आल्या, त्यात वाईट काय? विजापुरी धाटणीचा अंबरखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठी एकटीच सुमारे 950 चौरस मीटरची, उंची साडेदहा मीटरच्या वर. छताच्या भोकांतून धान्य आत ओतायचं. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने चालला, तेव्हा गडाला याच धान्याचा आधार होता. शेजारच्या धर्मकोठीतून गरजूंना धान्य मिळे. अशा जागी डीजे लावून पार्टी? आम्हाला तरी पटत नाही.

कायदाही तेच सांगतो. 1959 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय संरक्षित स्मारकात सभा, स्वागत समारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. चालत आलेल्या धार्मिक रूढीला यातून सूट आहे. सफदला मशिदीचं गोदाम झालं, तेव्हाच अर्धी वाट मोकळी झाली होती, असं आम्हाला वाटतं. बार एका रात्रीत येत नाही.

मुलांना घेऊन पन्हाळ्याला गेलात तर तीन दरवाजा चुकवू नका. तिथल्या फारसी शिलालेखात इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीचा आणि बांधणाऱ्या मलिक दाऊदचा उल्लेख आहे, साल हिजरी 954, म्हणजे 1547. उर्दू वाचणाऱ्या आजी-आजोबांना सोबत न्या, काही अक्षरं त्यांना नक्की लागतील. आणि कोठीत कुणी बाटल्या घेऊन बसलेलं दिसलं तर वाद घालू नका, पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्याला किंवा पोलिसांना सांगा.