२०२० क्यूजी (लघुग्रह)

पृथ्वीच्या अगदी जवळून गेलेला एक छोटा लघुग्रह. व्यास अंदाजे ३ ते ६ मी. १६ ऑगस्ट २०२० रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या सुमारास तो दक्षिण हिंदी महासागरावरून, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २,९५० किमी. अंतरावरून निघून गेला. न आदळता इतक्या जवळून गेलेल्या लघुग्रहाची तोपर्यंत नोंद नव्हती. तो येत असल्याची चाहूलही कुणाला लागली नाही, कारण तो सूर्याच्या दिशेने आला आणि त्या बाजूच्या लखलखाटात जमिनीवरच्या दुर्बिणींचे काही चालत नाही.

सुमारे सहा तासांनी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी या सर्वेक्षणाने तो टिपला. या सर्वेक्षणाची १.२ मी. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने फिरते. त्यामुळे ३० सेकंदांच्या छायाचित्रात तारे ठिपक्यांसारखे दिसतात आणि जवळचा, वेगवान लघुग्रह रेघ ओढत जातो. संगणक अशा रेघा वेचून देतो. मात्र कृत्रिम उपग्रहही तशीच रेघ ओढतात, म्हणून शेवटची पारख डोळ्यांनीच करावी लागते. ती मुंबईच्या आयआयटीतील कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा या विद्यार्थ्यांनी केली. पालोमारला रात्र असते तेव्हा मुंबईत दिवस असतो, हेही अशा कामाच्या पथ्यावर पडते.

रेघ सापडल्यावर खरी घाई सुरू होते. दूर जाणारा लघुग्रह झपाट्याने अंधुक होत जातो. तो दिसेनासा होण्याआधी इतर वेधशाळांनी त्याची स्थाने मोजून लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला कळवली, तरच कक्षा भरवशाने काढता येते. इथे घड्याळाला दुर्बिणीइतकेच महत्त्व आहे. २०२० क्यूजीचा निकटतम अंतरावरचा वेग सेकंदाला सुमारे १२.३ किमी. होता, अशा वेळी घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर स्थान तेवढ्याच किलोमीटरांनी चुकते. शिवाय पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा मार्ग सुमारे ४५ अंशांनी वळवला. तो कुठून आला आणि आता कुठे जाईल, ही दोन्ही उत्तरे या थोड्या मोजमापांवरच उभी आहेत.

एवढा लहान खडक आदळला असता तरी त्याचा बहुतेक भाग वातावरणातच जळून गेला असता. त्याचे मोल आहे ते निरीक्षणाच्या उणिवा उघड करण्यात, आणि त्या उणिवा लगेच भरून निघाल्या नाहीत. १३ नोव्हेंबर २०२० रोजी २०२० व्हीटी४ हा लघुग्रह पृष्ठभागापासून अवघ्या ३७० किमी. अंतरावरून गेला, त्याचाही शोध तो निघून गेल्यावर सुमारे १५ तासांनीच लागला.